बोट तुटले म्हणून कार्यशाळा बंद करायची की बदलायची?

जयंतीच्या आधीचा रविवार होता. रात्री साडेअकराला फोन आला. "सिस्टर, लवकर या, पोराचं बोट गेलं." रुग्णालयातली नोकरी सोडून मला काही वर्षे झाली, पण वस्तीत अजून सगळे सिस्टरच म्हणतात. मी पोहोचले तेव्हा विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस जण जमले होते. एकोणीस वर्षांचा मुलगा खुर्चीवर बसला होता. जखमेवर कोणीतरी मूठभर हळद दाबली होती आणि वरून ओढणी गुंडाळली होती. उजव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर गेले होते. ते पेर एका जणाने मोठ्या आपुलकीने स्टीलच्या ग्लासात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते.

आमचे तालुक्याचे गाव. नागपूर दीड तासावर. आम्ही आधी जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथून पुढे पाठवले, तिथून आणखी पुढे. पहाटे सर्जनने ग्लासातले पेर पाहिले आणि मान हलवली. आता ते जोडण्यासारखे राहिले नव्हते. मुलाची आई मला म्हणाली, "सिस्टर, त्याची पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मेडिकलला काय सांगायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

नंतर विहारात सभा झाली. दोन मते पडली. एक गट म्हणाला, हे सुतारकाम मंडळ बंद करा, विहारात असला धोका नको. दुसरा गट म्हणाला, सुताराच्या हाताला लागतेच, पोराचे लक्ष नव्हते, जयंतीची कामे पडली आहेत, उद्यापासून पुन्हा सुरू करा. माझे मत दोघांच्याही विरोधात आहे. ते मी सभेत मांडले आणि आज या आरोग्याच्या पानावर मांडते, कारण गावोगावच्या विहारांत, समाजमंदिरांत, युवक मंडळांत अशा सामायिक कार्यशाळा आता उभ्या राहत आहेत.

हे शेड का हवे

आमच्या मंडळाची सुरुवात साधी झाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मिस्त्री काकांनी आपली जुनी हत्यारे विहाराला दान दिली. रंधे, करवती, पटाश्या, गुण्या, गिरमिट, कानशी. संध्याकाळी चार पोरे येऊन बसू लागली. अभ्यासिकेची टेबले त्यांनी केली. ग्रंथालयाची कपाटे केली. मग महिला मंडळाच्या चार-पाच जणी आल्या. त्यांनी पोळपाट, पाट, देव्हाऱ्याऐवजी बुद्धमूर्तीसाठी लहान चौरंग करून विकले. जी मुले कट्ट्यावर खर्रा घोटत बसायची, त्यांतली काही आत आली. निवृत्तीनंतर घरात गप्प बसणारे दोन काका रोज यायला लागले. ऑस्ट्रेलियात वयस्कर पुरुषांचा एकटेपणा कमी व्हावा म्हणून अशाच सामायिक सुतारशाळांची मोठी चळवळ उभी राहिली आहे. परिचारिका म्हणून मी सांगते, हे शेड वस्तीच्या आरोग्याला औषधाइतके उपयोगी आहे.

आणखीही एक कारण आहे. गावगाड्यात सुतारकाम सुताराचे, लोहारकाम लोहाराचे आणि आपल्या वाट्याला वेसकरी, मेलेली ढोरे, निरोप्याची कामे. हुन्नराची हत्यारे आपल्या हाती येऊच दिली नाहीत. जातीने कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. मग आज एक सुतार काका आपले हुन्नर जात न विचारता पोरापोरींना शिकवत असतील, तर ते शेड बंद करणे हा माझ्या मते तोटा आहे. म्हणून बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण तसेच चालू ठेवा म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग आहे. "लागतेच" हा शब्द मी वॉर्डात पंधरा वर्षे ऐकला. गटारात उतरणाऱ्याला वास लागतोच. वीटभट्टीवरच्या बाईची पाठ जातेच. जिनिंगमधल्या मजुराला खोकला असतोच. आपल्या माणसांच्या शरीराला ज्यांनी कधी किंमत दिली नाही, त्यांची ही भाषा. ती आपण आपल्याच पोरांसाठी वापरायची का?

"लक्ष नव्हते" हे खोटे उत्तर आहे

अपघात झाला तो उलट्या कटरवर. अनेक ठिकाणी ही व्यवस्था तुम्ही पाहिली असेल. हाताने चालवायचा मार्बल कटर घेतात, त्याला लाकडाचे पाते लावतात, प्लायवूडच्या टेबलाला खालून उलटा आवळतात आणि फटीतून पाते वर काढतात. बटण दाबून अडकवून ठेवतात. दोन-तीन हजारांत टेबलावरची करवत तयार. पात्यावर झाकण नाही, पात्यामागे काही नाही, आणि पाते मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेते.

लाकडाला आतून ताण असतो. चिरत पुढे नेले की चिरलेली फट मागे मिटू लागते आणि पात्याला आवळते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, ते फळी उचलतात आणि माणसाच्या अंगावर फेकतात. फळी ढकलणारा हात आधार सुटल्यामुळे सरळ पात्यावर जातो. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडते. यात लक्ष देऊन हात मागे घेणे माणसाला शक्यच नाही. म्हणून चांगल्या मशीनला पात्यामागे पोलादी पट्टी उभी असते, ती फट मिटू देत नाही. वर झाकण असते. आमच्या टेबलाला यांतले काहीच नव्हते. शिवाय रात्रीचे साडेअकरा, दिवसभर मजुरी करून आलेला मुलगा, आणि "स्टेजची चौकट उद्या पाहिजे" अशी घाई.

आता सांगा, चूक कोणाची? ज्याने टेबल बनवले, ज्यांनी ते चालू दिले, ज्यांनी रात्री काम लावले, आणि ते पाहूनही जी बोलली नाही ती मी, अशा सगळ्यांची. मुलाची सर्वांत कमी.

या चुकीची किंमतही कोण देतो ते पाहा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात अवयवाप्रमाणे कमाईची क्षमता किती घटली हे ठरवले होते. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४ टक्के. तर्जनीचे एक पेर ९ टक्के. पण हा हिशेब मालकाकडे राबणाऱ्या कामगारासाठी. मंडळाचा सभासद कोणाचा कामगार नसतो, म्हणून त्याला शून्य. वर्षाला २० रुपये भरून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा प्रत्येकाने घ्यावाच, पण त्यातही अंशतः अपंगत्वाचे एक लाख मिळतात ते एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर. बोटाला त्यात जागा नाही. म्हणजे सामायिक शेडमध्ये बोट गेले तर ते फक्त त्या मुलाचे आणि त्याच्या आईचे जाते. नंतर कोणी भरून देणार नाही, म्हणून आधीच सांभाळणे हे मंडळाचे कर्तव्य आहे.

कारखान्यात निरीक्षक येतो, निदान यायला हवा. आपल्या शेडमध्ये कोणीच येणार नाही. इथे निरीक्षकही आपणच.

आधी काय बदलायचे

आमच्या सभेत मी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पुढची देणगी येईल तिच्यातून नवे मशीन घ्यायचे नाही. आहे ते सुरक्षित करायचे.

उलटा कटर त्याच दिवशी मोडून टाकला. ग्राइंडरला लाकडाचे पाते लावायला कायमची बंदी घातली. चांगली टेबल करवत घेण्याइतके पैसे येईपर्यंत लांब चिरकाम गावातल्या आरागिरणीवर करून आणायचे ठरले. रिक्षाचे भाडे जाते, पण बोटांपेक्षा स्वस्त पडते. हातात धरायची करवत वापरायची तर झाकण जागेवर आणि सरकते आहे हे पाहूनच. फळी आधी टेबलाला क्लॅम्पने आवळायची, एका हाताने धरून कापायची नाही. पात्यापासून एक वितीच्या आत हात न्यायचा नाही, तिथे लाकडाची ढकलायची काठी वापरायची.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. अर्थिंग तपासले. तीस मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला, म्हणजे धक्का बसू लागताच वीज तुटते. आणखी एक गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची. लोडशेडिंगमध्ये वीज जाते, माणूस बटण बंद करायचे विसरतो, पात्यातला भुसा हाताने काढायला जातो आणि वीज परत येते. म्हणून वीज आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्टार्टर हवाच. आणि पात्याला हात लावण्याआधी प्लग काढायचा, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

मशीनला येण्याआधी प्रत्येकाने हाताची हत्यारे शिकायची. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते, म्हणून धार लावणे हा पहिला धडा. पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात कधी ठेवायचा नाही हा दुसरा. मिस्त्री काका समोर करून घेतात, समाधान झाले की वहीत सही करतात. सही नसलेल्याने मशीन चालवायचे नाही, तो समितीच्या अध्यक्षाचा मुलगा असला तरी. अठरा वर्षांखालच्यांना मशीन नाही. लहान मुलांनी पॉलिश पेपर घासावा, खिळे ठोकावे, पण मशीन चालू असताना शेडमध्ये यायचे नाही.

शेडमध्ये एकट्याने काम करायचे नाही. रात्री नऊनंतर मशीनला कुलूप. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, चित्ररथ अपुरा असो, कुलूप म्हणजे कुलूप. दारू पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवायचे. पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो, ते शेडमध्येही लागू आहे. सर्दीची, ॲलर्जीची किंवा झोपेची गोळी घेतली असेल त्याने त्या दिवशी मशीन चालवू नये. फिट येण्याचा आजार असेल त्याने मला किंवा मिस्त्री काकांना खाजगीत सांगावे. त्याला घरी बसवणार नाही, हाताची आणि पॉलिशची पुष्कळ कामे आहेत.

कपड्यांचे भगिनींना विशेष सांगते. साडीचा पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी बांधून आत, बांगड्या उतरवलेल्या. पुरुषांनी लांब बाह्या दुमडायच्या, घड्याळ आणि कडे काढायचे. परित्राण पाठानंतर मनगटाला बांधलेला पांढरा धागाही मशीनपाशी काढून ठेवायचा. काहींना हे आवडले नाही. मी भंतेजींना विचारले. ते म्हणाले, संरक्षणासाठी बांधलेल्या धाग्याने हात ओढला जात असेल तर तो काढण्यातच शहाणपण आहे. फिरत्या मशीनवर हातमोजेही घालायचे नाहीत. मोज्याचे टोक अडकले की अख्खा हात जातो. मोजे पॉलिशसाठी आणि खडबडीत लाकूड उचलण्यासाठी.

जे दिसत नाही ते जास्त घातक

बोट तुटले की सगळे धावतात. भुशाने फुप्फुस खराब होते तेव्हा कोणी धावत नाही, कारण ते वीस वर्षांनी कळते. लाकडाची बारीक धूळ ही कर्करोग करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात नोंदवली आहे. नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा कर्करोग तिच्यामुळे होतो. प्लायवूड आणि एम.डी.एफ.च्या गोंदातले फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. सागवान आणि शिसवीच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते, डोळे सुजतात. दमा असणाऱ्याचा दमा वाढतो.

तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, तोही नाकावर नीट बसलेला. खर्रा चघळत मास्क लावता येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. घासकाम शेडबाहेर, वारा पाठीकडून येईल असे बसून करावे. भुसा झाडूने उडवू नये, तोंडाने फुंकू नये, हवेच्या पाइपने कपड्यांवर मारू नये. ओल्या फडक्याने पुसावा किंवा व्हॅक्यूमने ओढावा. घरी गेल्यावर आधी कपडे झटकून बदलावे, मग लेकराला घ्यावे.

आवाजाचेही तसेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. कटर आणि ग्राइंडर १०० च्या आसपास जातात, म्हणजे पंधरा मिनिटे पुरे. कानातले बोळे काही रुपयांना मिळतात. गेलेला कान मात्र परत येत नाही. डोळ्यांना बाजूने झाकलेला चष्मा, शे-दीडशे रुपयांचा. आम्ही दारातच खोका ठेवला आहे. चष्मा न लावता आत पाऊल नाही, पाहुण्यांनाही नाही.

पॉलिश, थिनर, लॅकर उघड्या हवेतच. पी.यू.च्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, तो नवशिक्यांनी मारूच नये. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. हे ऐकून लोक हसतात, पण खरे आहे. ती फडकी बाहेर पसरून वाळवायची किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवायची. शेडमध्ये विडी नाही. दारापाशी ए.बी.सी. प्रकारचे अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या. दारासमोर गाडी लावायची नाही.

आपल्या विदर्भासाठी दोन गोष्टी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दुपारी काम करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. दुपारी बारा ते चार शेड बंद. दुसरी गोष्ट सिकलसेल. आपल्या समाजात हा आजार बराच आहे आणि लपवलाही जातो. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले की वेदनांचा झटका येतो. अशा मुलामुलींना शेडमध्ये जरूर येऊ द्या, पण माठ भरलेला असावा, दर अर्ध्या तासाला पाणी, मध्ये विश्रांती. त्यासाठी त्यांना न लाजता सांगता यावे असे वातावरण ठेवणे आपले काम आहे.

अपघात झालाच तर

हे कापून शेडच्या भिंतीवर लावा.

आधी मशीन बंद, प्लग बाहेर. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि हात उंच धरा. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा, उचलून पाहू नका. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, राख काहीही घालू नका. दाबूनही रक्त उसळतच असेल आणि जीव धोक्यात असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा आणि किती वाजता आवळली ते लिहा.

तुटलेला भाग फेकू नका, घासू नका. सलाइनमध्ये, नसेल तर स्वच्छ पाण्यात ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बर्फ थेट लागता कामा नये, पाण्यात बुडता कामा नये. आमच्याकडे नेमके हेच चुकले. नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडल्याची उदाहरणे आहेत. उन्हाळ्यात उघडे ठेवले तर वेळ झपाट्याने संपतो.

१०८ ला फोन करा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकते. बोटे जोडण्याची शस्त्रक्रिया जवळ कुठे होते ते आजच चौकशी करून, नंबर भिंतीवर लिहून ठेवा. त्या रात्री आम्ही दोन दवाखाने फिरण्यात जे तास घालवले, ते सरळ तिथेच गेलो असतो तर वाचले असते. सभासदाचे रक्ताचे गट, घरचा फोन, रेशनकार्ड आणि आधारची प्रत फाइलमध्ये ठेवा.

डोळ्यात भुसा गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. ठिणगी किंवा काटकी रुतली असेल तर काढू नका, कागदी पेला उलटा ठेवून डोळा झाका आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. तेल, मध, दूध काही घालू नका. कोणतीही जखम असो, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते विचारा. शेवटचा डोस आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

लपवू नका

शेडमध्ये आता एक वही आहे. झालेला अपघात तीत लिहायचा, आणि होता होता टळलेलाही. फळी उडाली पण कोणाला लागली नाही, प्लग तापला, पाते डगमगले, सगळे. नाव लिहिणे सक्तीचे नाही आणि लिहिणाऱ्याला कोणी रागवायचे नाही. अपघातानंतर आम्ही विचारले तेव्हा चार मुलांनी सांगितले की त्या टेबलावर त्यांच्याही हातून फळी उडाली होती. चौघेही गप्प होते, कारण बोललो तर काम बंद होईल आणि हसतील. त्या चौघांतले एकजण जरी बोलला असता तरी ते बोट आज जागेवर असते.

काही जण विचारतात, ताई, एवढे नियम केले तर येणार कोण? मी सांगते, आमच्याकडे अपघातानंतर दोन महिने कोणी आले नाही. नियम लावून शेड उघडले तेव्हा पहिल्यांदा आयांनी मुलींना पाठवले. आधी त्या घाबरत होत्या. आता मुली मुलांइतक्याच आहेत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला तो त्यांच्या काळात. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकरांकडून करून घेतली आणि त्यावर पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. मजुराचे शरीर ही मालकाची स्वस्त वस्तू नाही, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत सांगितले. त्यांच्या जयंतीचे स्टेज बांधताना आपल्याच मुलाचे बोट जावे आणि आपण "लागतेच" म्हणावे, हे त्यांच्या फोटोसमोर उभे राहून सांगता येईल का?

तथागतांनी शेवटच्या उपदेशात अप्रमाद सांगितला, सावध राहायला सांगितले. मला वाटते, सावधपणा एकट्या पोराच्या डोक्यावर टाकून चालत नाही. तो टेबलात, वायरीत, कुलपात, वहीत उतरवावा लागतो.

तो मुलगा परत येतो आता. मशीनला हात लावत नाही. दारापाशी बसून येणाऱ्याला चष्मा देतो आणि मनगटावर काय आहे ते पाहतो. भरतीचे काय होईल ते अजून ठरायचे आहे. ज्या मंडळांकडे उलटा कटर असेल, त्यांनी हे पान वाचून झाल्यावर त्याचा प्लग काढावा, एवढी एकच विनंती.

जय भीम. नमो बुद्धाय.